नाते : भाऊ

फेब्रुवारी उजाडला की आमच्या केंद्रातल्या शाळांचे निम्मे गुरुजी आजारी पडायचे. म्हणजे कागदावर. एरवी मधल्या सुट्टीत ठेच्याबरोबर तीन-तीन भाकरी हाणणारी ही मंडळी आयकराचं विवरण भरायच्या आठवड्यात अशी खंगायची की विचारू नका. कुणाच्या वडलांचं हृदय, कुणाच्या आईची किडनी. स्वतःच्या घरात राहणारे अचानक बायकोचे भाडेकरू व्हायचे. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे जायचं, चहा पाजायचा आणि बिलांचा गठ्ठा घेऊन यायचं, ही आमच्याकडची रीतच होती. तालुक्याच्या कार्यालयातल्या तिडकेबाबूंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांची अट एकच : कागद पूर्ण पाहिजेत. माणूस खरा की खोटा, ते बघायचं काम त्यांच्याकडं नव्हतं.

ही विवरणं भरून देणारा मी. मला संगणक येतो, एवढाच माझा गुन्हा. त्यामुळं या जत्रेत कोण कुठल्या रोगानं आजारी आहे हे मला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असायचं, आणि मी गुमान टंकायचो. या सगळ्यात एकच बाई अशी होती, जिच्या घरात खरोखर माणूस अंथरुणाला खिळलेला होता आणि जिच्याकडं दाखवायला एक पावती नव्हती. ती म्हणजे सुलोचना ओव्हाळ. सगळ्यांच्या ओव्हाळबाई.

तेलगावच्या अलीकडं आमची जिल्हा परिषदेची शाळा. बाई चौथीला शिकवायच्या. ठेंगण्या, सावळ्या, आणि चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला मधूनमधून पळावं लागे. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ असायची. पण भांडायची वेळ आली की घरची भाषा कंबर कसून बाहेर यायची. त्यांचं एक वाक्य आख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध होतं : "तोंडी न्हाई, लिहून द्या." केंद्रप्रमुखांनी फोनवर सांगावं, "बाई, उद्या रविवार हाय, पण शाळा उघडा," तर बाईंचं उत्तर ठरलेलं. लिहून कुणी द्यायचं नाही आणि रविवार रविवारच राहायचा. निम्मे सरकारी हुकूम ‘लिहून द्या’ म्हटलं की जागीच विरघळतात, हा शोध बाईंचा. आम्ही पुरुष शिक्षक त्याचा फायदा घ्यायचो आणि माघारी बाईंना भांडकुदळ म्हणायचो. मीही म्हटलेलं आहे.

त्यांची दुसरी सवय मला कळायला एक वर्ष लागलं. सकाळी शाळेत आल्यावर, लहान सुट्टीत, मोठ्या सुट्टीत आणि तीनच्या सुमाराला बाई घरी फोन लावायच्या. एकच शब्द विचारायच्या : "कूस?" पलीकडून एकच शब्द यायचा, डावी किंवा उजवी. फोन बंद. मला वाटायचं, ही काय कोड्याची भाषा आहे! मग एकदा मूल्यमापनाचे तक्ते द्यायला त्यांच्या घरी गेलो आणि समजलं.

पुढच्या खोलीत खिडकीला लागून पलंग होता. पलंगावर मिलिंद, बाईंचा धाकटा भाऊ. एका ठेकेदाराकडं वायरमन होता. खांबावर चढलेला असताना कुणीतरी खालून लाइन सुरू केली. मिलिंद खाली पडला तो मानेवर. मानेखालचं सगळं गेलं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी राहिली. आईवडील त्याआधीच गेलेले. बाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. ठेकेदार दवाखान्यात एकदाच आला. पलंगाकडं बघितलं आणि म्हणाला, हा आमचा माणूस नाही, हजेरीपट बघा. हजेरीपट बघितला तर खरंच त्यात मिलिंदचं नाव नव्हतं. सहा महिने रोज खांबावर चढणारा माणूस, पण कागदावर कुठंच नाही. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी माझा भाऊ दुसऱ्यांदा पडला, सर."

अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमांनीच माणूस जातो. बाई शाळेत असताना हे काम नसीमखाला करायच्या. मागच्या गल्लीत राहणाऱ्या, नवऱ्याचा फळांचा गाडा. हाडापेरानं मजबूत बाई. मिलिंदला एका दमात वळवायच्या आणि वळवताना त्याला शिव्या घालायच्या, म्हणजे तो हसायचा. सकाळ-संध्याकाळ बाई स्वतः करायच्या. कोमट पाणी, जुन्या लुगड्याचे धुऊन उकळलेले तुकडे, खोबरेल, लघवीची पिशवी, मऊ खिचडी. हवेची गादी होती. पण लाइट गेली की तिची हवा बसायची आणि आमच्याकडं लाइट जाते हे वेगळं सांगायला नको. मग बाई उशा लावायच्या. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन त्या मिलिंदची पाठ तपासायच्या, वहीतली गणितं तपासावीत तशी, एकेक ओळ.

बघायला स्थळं यायची, अगदीच आली नाहीत असं नाही. कांदेपोहे वगैरे नंतर. आधी बाई पाहुण्यांना पुढच्या खोलीत न्यायच्या आणि म्हणायच्या, "हा माझा भाऊ. हा माझ्याबरोबर यील." एका पाहुण्यानं घसा खाकरून विचारलं, "असल्या पेशंटांसाठी संस्था असत्यात की?" बाई म्हणाल्या, "असत्यात ना. तुमाला पत्ता देऊ का? तुमी ऱ्हावा." पलंगावरून मिलिंद म्हणाला, "आक्का, त्यांना पोहे तरी खाऊ दे." पुढं स्थळं यायची थांबली. बाईंना त्याचं दुःख झालं असेल का? असेलही. मी विचारायचं धाडस केलं नाही.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बाई त्याला जीपमधून घेऊन गेल्या, तेव्हा मी बरोबर होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मिलिंदला कुशीवर केलं, पाठ बघितली आणि विचारलं, "किती वर्षं झाली?" बाई म्हणाल्या, "सात." डॉक्टरांनी दाराशी जाऊन शिकणाऱ्या पोरापोरींना बोलावलं आणि म्हणाले, "ही पाठ बघा. सात वर्षं अंथरुणात असलेली पाठ आहे ही. एक जखम शोधून दाखवा." आठ-दहा जण वाकून बघत होते. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांची मान अशी ताठ झाली होती की मला हसू आलं. दाखला शंभर टक्क्यांचा मिळाला. येताना जीपमध्ये मिलिंद म्हणाला, "आयटीआयला पस्तीसवर सुटलतो, आक्का. पहिल्यांदाच शंभर पडले."

त्या वर्षी फेब्रुवारीत बाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्याला करात सूट असती म्हनं. माझ्या फार्मात मिलिंदचं नाव टाका." मी टाकलं. तिडकेबाबूंनी फॉर्म परत पाठवला. शेरा : पावत्या जोडाव्यात. बाई कार्यालयात गेल्या. बाबू म्हणाले, सेवा करणाऱ्या बाईची पावती आणा, सही-शिक्क्यानिशी. बाईंनी हे घरी सांगितल्यावर नसीमखालांनी कपाळावर हात मारला. "मेरा सिक्का? हौ, है ना. लाटणं हाय माझं. बाबूला म्हनावं, कुठं मारू सांग." जुन्या लुगड्याची पावती कोण देणार? उकळलेल्या पाण्याची? कुशीवर वळवल्याची? त्या वर्षीची सूट गेली. त्याच आठवड्यात आमच्या एका ठणठणीत गुरुजींच्या ठणठणीत वडलांचा कर्करोग मात्र विनातक्रार मंजूर झाला.

मला राग आला. आणि रागाच्या भरात मी पुढच्या वर्षी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. बाईंनी सही करून दिलेल्या फॉर्मला मी परस्पर बिलांचा गठ्ठा जोडला. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेला. मनात म्हटलं, खर्च तर खराच आहे, कागद तेवढा खोटा. कुणाचं काय बिघडलं? फॉर्म मंजूर झाला. बाई कुठल्याशा कामाला कार्यालयात गेल्या तेव्हा तिडकेबाबू कौतुकानं म्हणाले, "बघा बाई, बिलं जोडली की काम कसं हुतं."

"कसली बिलं?" बाईंनी फाइल मागितली. तिथंच उभ्या राहून एकेक बिल मोठ्यानं वाचायला लागल्या. खोकल्याचं औषध. कंबरदुखीचं मलम. आणि तिसऱ्या बिलावर ग्राइप वॉटरच्या सहा बाटल्या. मेडिकलवाल्यानं हाताला आली ती बिलं मला बांधून दिली होती आणि मी शहाण्यानं वाचलीही नव्हती. "पस्तिशीच्या माझ्या भावाला ग्राइप वॉटर पाजती का मी?" बाईंचा आवाज बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. त्यांनी तिथल्या तिथं अर्ज लिहिला, की ही बिलं माझी नाहीत, माझी मागणी मी मागे घेते. पूर्ण कर भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तो गठ्ठा ठेवला.

"सर, तुमी चांगल्या मनानं केलं, ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पण खरं हाय त्याला खोट्याचा टेकू कावून लागावा? खोटा हजेरीपट लिहून त्या ठेकेदारानं माझा भाऊ पुसला. आता तुमी खोटं लिहून त्याला उभा करनार. दोनी सारखंच की."

त्यानंतर दीड महिना त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी ते मुकाट्यानं सोसलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

नियम शोधून काढला तो मिलिंदनं. पलंगाला फोन अडकवायचा एक दांडा बाईंनी लोहाराकडून करून घेतला होता. त्याच्यावर दोन बोटांनी तो दिवसभर काहीबाही वाचायचा. एक दिवस बाई शाळेतून आल्या तर म्हणाला, "आक्का, आपुन येडे हावो. पावती लागतच न्हाई." आयकराच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ऐंशी टक्क्यांवर अपंगत्व असलेला माणूस तुमच्यावर अवलंबून असेल तर त्याच्या सांभाळापोटी एक ठरलेली रक्कम सरसकट वजा करायची. दाखला जोडायचा, बस्स. खर्च कमी झाला की जास्त, कुणी विचारायचं नाही. अवलंबित कोण, तर नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ, बहीण. इतकी वर्षं मी विवरणं भरत होतो, तिडकेबाबू तपासत होते, आणि आम्हा दोघांपैकी एकानंही ते कलम शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. पावत्या मागायची सवय होती, म्हणून मागत होतो.

बाईंनी ते कलम शब्दकोश घेऊन मराठीत उतरवलं, हातानं, चौथीच्या पोरांना समजेल अशा अक्षरात. पुढच्या फेब्रुवारीत ते घेऊन कार्यालयात गेल्या. मीही गेलो, झाल्या गोष्टीचं थोडं तरी प्रायश्चित्त म्हणून.

तिडकेबाबूंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. पावतीचा मुद्दा संपला हे त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "पर बाई, भाऊ कुटुंबात येत न्हाई."

"तुमच्या कुटुंबात येत नसंल. कायद्यात येतोय. खाली बघा."

"आमच्याकडं असा एक बी अर्ज आजवर आलेला न्हाई."

"मग हा पहिला. न्हाईतर लिहून द्या, भाऊ चालत न्हाई म्हनून. कलम टाका, खाली सही करा."

बाबूंनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "पैशासाठी बाईमानसानं इतकं भांडू नये."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पैसा वजा व्हायचा तवा हुईल. आधी माझा भाऊ तर धरा. बारा महिने चोवीस तास जो मानूस माझ्या घरात हाय, त्यो तुमच्या कागदात कावून न्हाई, एवढंच इचारते मी."

बाबूंनी फॉर्म ठेवून घेतला, म्हणजे बाजूला ठेवला. मग बाईंनी जे केलं ते त्याच करू जाणोत. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, आणि मार्चअखेरच्या घाईत कार्यालयही शनिवारी उघडं असायचं. शाळा सुटली की बाई स्कूटीवरून थेट कार्यालयात, तिडकेबाबूंच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर. पिशवीतून वह्या काढायच्या आणि तपासत बसायच्या. भांडण नाही, काही नाही. कामासाठी आलेलं कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, इथं काय करताय?" मग बाई सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या, वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात. ग्राइप वॉटरसकट. तिडकेबाबू टेबलाखाली काहीतरी शोधायला लागायचे. तिसऱ्या शनिवारी एका दुसऱ्या गावचे गुरुजी बाईंच्या शेजारी येऊन बसले. त्यांची मोठी बहीण जन्मापासून अधू होती. त्यांनी बाईंच्या कागदाची नक्कल मागून घेतली. पाचव्या शनिवारी चौघं जमले होते आणि चौथ्या माणसाला बाकड्यावर बसायला जागा नव्हती.

सहाव्या शनिवारी मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी बाईंचा कागद उभ्याउभ्या वाचला आणि तिडकेबाबूंना म्हणाले, "हे तर सरळ आहे. घ्या की." दोन मिनिटांचं काम होतं. बाबूंनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं. बाई म्हणाल्या, "वाचून दाखवा." बाबूंनी वाचलं : मिलिंद ओव्हाळ, नाते भाऊ, अवलंबित. "शिक्का?" बाबूंनी शिक्का मारला. घरी आल्यावर मिलिंदनं तो कागद तोंडासमोर धरायला लावला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "ठेकेदाराला पाठवू का ह्याचा फोटू?" आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन बोटं सोडली तर तेवढीच हालचाल त्याच्या हातात होती. नसीमखाला आत जाऊन उगाच भांडी वाजवायला लागल्या.

पुढं दर फेब्रुवारीत ती ओळ बिनबोभाट लागत गेली. मधल्या काळात नवी करपद्धत आली. तिच्यात असली कुठलीच सूट नाही, कुठलाच दाखला नाही, आणि आमच्या पगाराला कर जवळजवळ लागतच नाही. आमच्या केंद्रातले सगळे आजारी एका वर्षात खडखडीत बरे झाले. तिडकेबाबूंचं टेबल पहिल्यांदाच रिकामं दिसायला लागलं.

आणि त्याच वर्षी, दिवाळी होऊन महिना झाला असेल, मिलिंद गेला. छातीत कफ साठला, चार दिवस दवाखान्यात होता, पाचव्या दिवशी सकाळी गेला. शेवटची अंघोळ घालताना बाईंनी त्याला कुशीवर केलं आणि जमलेल्या भावकीला, एरवी वर्षातून एकदाही न फिरकणाऱ्या भावकीला, म्हणाल्या, "बघून घ्या. पाठ बघा सगळ्यांनी." एकही जखम नव्हती. मी तिथं होतो. इतका अभिमान आणि इतकं दुःख एकाच चेहऱ्यावर मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

फेब्रुवारी आला. मी बाईंचं विवरण त्यांना न विचारताच नव्या पद्धतीनं करून ठेवलं. कर शून्य. त्यांना आत्ता या कटकटीत ओढायचं नाही, असं मला वाटलं. मी बाईंच्या बाबतीत दुसऱ्यांदा चांगल्या मनानं चूक करत होतो.

बाईंनी कागद वाचला. "ह्यात मिलिंदचं नाव कुठाय?"

"नव्या पद्धतीत कुणाचंच नाव येत नाही, बाई. लागतच नाही."

"मग जुन्या पद्धतीनं करा."

मी त्यांना दोन्ही हिशोब दाखवले. जुन्या पद्धतीनं गेलं तर मिलिंदची सूट धरूनही चांगला घसघशीत कर बसत होता. त्यांच्या पगाराच्या मानानं ती रक्कम छोटी नव्हती. मी चाचरत म्हणालो, "शिवाय बाई… आता मिलिंद…"

"एप्रिलपासून आठ महिने होता, सर," बाई म्हणाल्या. "आठ महिने पाठ पुसलीय मी त्याची. त्या आठ महिन्यांत मी एकटी ऱ्हात होते, आसं लिहून देऊ का? शून्य पडावा म्हनून?"

मी जुन्या पद्धतीनं विवरण केलं. नाव टंकताना माझी बोटं दोनदा चुकली. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी दोन्ही वेळा बोट ठेवून दाखवलं.

कार्यालयात मी बरोबर गेलो. तिडकेबाबूंचे केस आता पार पिकले होते. त्यांनी कागद बघितला, पुन्हा बघितला. मिलिंद गेल्याचं त्यांना माहीत होतं. ते बाईंच्या दारावर, भेटायला येऊन गेले होते. खुर्ची पुढं ओढून ते बाईंना, मला वाटतं मनापासून, म्हणाले, "ताई, आवंदा हे नका करू. सगळे नव्यात गेले. ह्यात तुमचा तोटा हाय. लई तोटा हाय."

"तोटा व्हायचा तो झाला, बाबू," बाई म्हणाल्या. "तुमी शिक्का मारा."

बाबूंनी आधी ती ओळ वाचली, कुणी सांगितलं नसताना, मोठ्यानं. मग शिक्का मारला. पुढं उन्हाळ्यात बाईंची बदली झाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडा गावाकडं, आणि आमच्या भेटी फोनवर आल्या. त्यामुळं बाई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं त्या दिवशीच्या बाईच येतात. खिडकीतून ऊन आत आलेलं, मागं रांग खोळंबलेली, आणि बाई शाई वाळेपर्यंत तो कागद दोन्ही हातांत आडवा धरून टेबलासमोर उभ्या आहेत. कुणी सरका म्हणत नाही आणि त्या सरकतही नाहीत.